झोपून पाहिलेला ट्रक

आयुष्यात माझ्याकडून एकाच पत्राचं उत्तर रखडलं, आणि त्या एका पत्रापायी आमच्या घरात ट्रक आला.

एरवी पत्रांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. कोणी नुसतं ‘पत्र मिळालं’ असं कळवलं, तरी ते कळल्याचं मी कळवतो. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका शोधायची सवय आणि स्वतःची चूक होईल ही धास्ती, या दोन्ही गोष्टी निवृत्तीनंतर पेन्शनच्या आधी घरी आल्या. पण हे पत्र वेगळं होतं. ते मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंचं होतं. टंकलिखित, सरळ, आणि त्यात एकच प्रश्न होता. आपल्या गादीचा नमुना पसंत आहे, वसतिगृहातल्या सगळ्या खाटांसाठी मागणी देण्याचा विचार आहे, मात्र मालवाहतुकीसाठी आपल्याकडे स्वतःचे वाहन आहे काय? असल्यास महिनाअखेरीच्या आत लेखी कळवावे. भाड्याच्या वाहनातून आलेला माल घेतला जाणार नाही.

खाली बाईंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘मागच्या वेळच्या भाड्याच्या ट्रकमध्ये आमच्या गाद्यांच्या आधी सुकी मासळी होती. मुली अजून खिडक्या उघड्या ठेवून झोपतात.’

आता, गाद्या आमच्या म्हणजे माझ्या नव्हेत, हिच्या. घरामागच्या लांबोळक्या खोलीत हिचा गाद्यांचा कारखाना आहे. एक कापूस पिंजायचं यंत्र, दोन शिवणाऱ्या बायका आणि ही. गावाबाहेर फोमच्या गाद्यांची फॅक्टरी झाल्यापासून यंत्र निम्मा वेळ गप्प असे आणि त्या दोघी एकमेकींचे ब्लाउज उसवून पुन्हा शिवत बसत. पत्र आलं त्या दिवशी ही दातांनी दोरा तोडता तोडता म्हणाली, “ही ऑर्डर मिळाली तर ठीक. नाहीतर यंत्र विकते, दोघींना दुसरीकडे बघा म्हणून सांगते, आणि मीही तुमच्यासारखी दिवसभर वाचत बसते.”

या वाक्याच्या शेवटच्या भागाने मी जास्त हादरलो. घरात माझ्यासारखं एक माणूस असलं की ते घर चालतं. दोन असली की कोणीतरी दूध नासल्यावरच वास येऊन उठतं.

बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. ते लिहिलं की यंत्र जाणार. ‘आहे’ लिहिलं तर खोटं, आणि छापखान्यातल्या माणसाला खोटं लिहिता येत नाही. बोलता थोडंफार येतं. म्हणून मी कच्चे खर्डे करू लागलो. ‘सध्या नसले तरी’ असा एक झाला. ‘वाहन या शब्दाची व्याप्ती पाहता’ असा एक झाला; तो माझ्या सायकलीपाशी येऊन थांबला. ही रोज विचारी, “उत्तर टाकलंत?”

“मजकूर जुळत नाहीये.”

“अहो, आहे की नाही, एवढंच विचारलंय ना बाईंनी?”

“तेच तर अवघड आहे.”

शेवटी एक दिवस कापसाने पांढरे झालेले हात झटकत ती म्हणाली, “मग ट्रक घेऊ. म्हणजे तुमचा मजकूर जुळेल.”

पैशांचं ती आणि बँक मिळून बघणार होत्या. त्यातलं मला काही कळत नाही, याविषयी त्या दोघींचं एकमत होतं. ट्रक कोणता घ्यायचा, हे बघायचं काम मात्र तिने माझ्याकडे दिलं. “तुम्ही वाचता ना? मग ट्रकवरचं वाचा.”

इथे माझ्या कारखान्यातल्या हुद्द्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एक नियम आहे. कोणीतरी झोपून बघितल्याशिवाय गादी बाहेर जात नाही. हिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा नियम. गाठ कुठे राहिली, कापूस कुठे विरळ पडला, हे हाताला कळत नाही, पाठीला कळतं. मी निवृत्त झालो आणि तेव्हापासून ती पाठ माझी आहे. सकाळी दोन, दुपारी दोन, अशा गाद्यांवर मी पुस्तक घेऊन आडवा होतो आणि काही खुपलं तर खडूने खूण करतो. फारच छान झाली असेल तर झोप लागते. मग ही मला न उठवता गादीला पसंतीची चिठ्ठी लावते. काम जबाबदारीचं आहे. पण वरच्या मजल्यावरचे विमा एजंट जिन्यात भेटले की विचारतात, “काय काका, आज कामावर उठलात का?” मला त्यावर सुरेख उत्तर सुचतं. पण ते घरात येऊन चप्पल काढेपर्यंत सुचत नाही.

तर मी ट्रकवरचं वाचू लागलो. कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं आणली. पहिल्याच पानावर ‘दमदार’ हा शब्द तीनदा, पुढे ‘जबरदस्त’, मग पुन्हा ‘दमदार’. एवढा दम लागलेलं गद्य मी पूर्वी वाचलं नव्हतं. सवयीने लाल पेन काढलं आणि सगळ्या पत्रकांवर खुणा केल्या. पुढे शोरूममध्ये त्यातलं एक विक्रेत्याला परत दिलं, तेव्हा त्याने ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “ऑर्डर छान भरलीय साहेब, फक्त सही कुठंय?”

ट्रक घेणार ही बातमी जिन्यातून वर चढायला वेळ लागला नाही. विमा एजंट खाली आले आणि आमच्या खुर्चीवर पसरून म्हणाले, “काका, ट्रक घेताना शेवटाचा विचार आधी करायचा. उलटला तर काय?”

“अजून सुलटा घेतलेला नाही,” हे मला रात्री जेवताना सुचलं.

“पेटला तर काय? कापूस आहे म्हणून म्हणतो. पुलावरून गेला तर? म्हणजे पुलावरून नव्हे, पुलावरून खाली गेला तर?” प्रत्येक संकटागणिक त्यांचा चेहरा खुलत होता. ते गेल्यावर मला वाटू लागलं की ट्रक ही वस्तू बनवतातच मुळी पडण्यासाठी, आणि मध्ये थोडा वेळ मिळाला तर ती माल नेते.

दुसरा सल्लागार घरातलाच. हिचा धाकटा भाऊ. एकदा रात्रीची बस बंद पडली म्हणून तो एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून घरी आला होता. तेव्हापासून तो ट्रकमधला जाणकार. “भावोजी,” तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पुस्तकात ट्रक सापडत नसतो. नवा कशाला? रगडून चाललेला घ्या. तो मुरलेला असतो.” नातं टिकावं म्हणून मी हो म्हणालो. माझे बहुतेक निर्णय असेच झालेले आहेत.

जुन्या ट्रकांच्या आवारात गेल्या गेल्या मेव्हण्याने पहिल्या ट्रकच्या टायरला लाथ मारली. त्याने नेमकं काय कळतं हे मला अजून समजलेलं नाही. टायरला काही वाटत नाही, मारणारा मात्र अनुभवी दिसतो. मीही दुसऱ्या टायरला एक मारून बघितली. माझी चप्पल उडून मालकाच्या टेबलाखाली गेली. ती काढायला मी वाकलो आणि तेवढ्या वेळात मेव्हण्याने राक्षसासारखा एक डंपर जवळपास ठरवून टाकला. “हा डोंगर नेईल, भावोजी!”

“आपल्याला डोंगर कुठे न्यायचाय?” ही म्हणाली आणि ट्रकचा मागचा फाळका खाली पाडायला लावून सरळ हौद्यात डोकं घातलं. तिने जोरात श्वास घेतला.

“चुना.”

पुढच्यात कांदे. त्याच्या पुढच्याला फिनाइलचा वास होता, म्हणजे आधीचा काहीतरी लपवलेला. एकात शेळ्या असाव्यात. मला तर त्या अजून आत असाव्यात अशी शंका आली. आवाराच्या मालकाने एवढ्या आयुष्यात ट्रक हुंगणारं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.

“बाई, ट्रक आहे हा. अत्तराची बाटली नाही.”

“आमच्या गाद्यांवर मुली झोपणार आहेत,” ही म्हणाली. “शेळ्यांच्या स्वप्नात त्यांचा अभ्यास कसा होणार?”

तेव्हा नवाच घ्यायचा, असं ठरलं. मेव्हणा परत येताना बराच वेळ बोलला नाही. ते दिवसातलं एकमेव चांगलं काम झालं.

शोरूममध्ये जाताना ही एक गादी बरोबर घेऊन आली. “कशाला?” असं मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. गळ्याला घट्ट टाय बांधलेला विक्रेता आधी मेव्हण्याशी बोलला, मग गादीकडे बघून घोटाळला, आणि शेवटी माझ्याकडे वळला.

“लोड काय असतो साहेब तुमचा? म्हणजे नेणार काय?”

“गाद्या,” मी हळूच म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. त्याने स्टीलबद्दल, सिमेंटबद्दल, खडीबद्दल पाठ केलं असावं. “बरं. मग तुम्हाला मिडियम ड्युटी बघायला हवा. फार जड नाही, फार हलका नाही. मधला.”

मला तो शब्द फार भावला. मिडियम ड्युटी. मी आयुष्यभर त्याच वर्गात होतो, फक्त नाव माहीत नव्हतं. ना कोणाचा भार कधी मोठा उचलला, ना अगदीच मोकळा फिरलो. मी त्या ट्रकच्या दाराला जरा आपुलकीनेच हात लावला. विक्रेता म्हणाला, “साहेब, पेंट ओला आहे.”

त्याने मग टन सांगितले, अश्वशक्ती सांगितली, चाकांवरचे धक्के झेलणारे पाटे दाखवले. मेव्हणा प्रत्येक आकड्याला “कमी आहे” म्हणत होता. ही कंटाळली. “ते सगळं असू दे. ह्यांना आत झोपू द्या.”

“काय?”

“झोपून बघितल्याशिवाय आम्ही काही घेत नाही.”

विक्रेत्याने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा दुसऱ्याच ट्रकच्या टायरला लाथ मारायला निघून गेला. अखेर त्या हिरव्या ट्रकच्या हौद्यात गादी अंथरली, ताडपत्री ओढून सावली केली आणि मी पुस्तक घेऊन आडवा झालो. ही म्हणाली, “नीट बघा. बाजूला किती जागा उरते, वर किती रचता येतील, पाणी कुठून येईल. मी मॅनेजरशी बोलून येते. त्यांच्या खुर्चीची गादी फाटलीय.”

मी नीट बघितलं. खरंच बघितलं. डोक्याकडची फळी, कडेची कडी, ताडपत्रीला पडलेलं एक भोक. पण ती गादी हिने स्वतः भरलेली होती. त्यात माझा दोष एवढाच की माझी पाठ प्रामाणिक आहे.

जाग आली ती फाळका धाडकन खाली पडल्याने. समोर उजेड, उजेडात चारपाच माणसं आणि त्यांच्या मागे छपरापर्यंत सिमेंटची पोती. मधला जाडसर गृहस्थ, सिमेंटचा व्यापारी, माझ्याकडे बोट दाखवत शोरूमच्या ड्रायव्हरला विचारत होता, “हे ट्रकबरोबर फुकट येतात का?”

ड्रायव्हरचा रंग उडालेला. त्याला वाटलं होतं, ट्रक रिकामा आहे. साहेबांनी सांगितलं, व्यापाऱ्यांना फिरवून आण, तो घेऊन आला. मी उठून बसलो, चष्मा शोधला आणि म्हणालो, “माफ करा. मी कामावर आहे.” यापेक्षा बरं वाक्य सुचायला हवं होतं, हे मान्य.

“झोपले होतात?” व्यापाऱ्याने विचारलं.

“हो.”

“सगळा वेळ? रेल्वे फाटकावरून आलो आपण. खदानीच्या रस्त्याने आलो!”

“मला काही कळलं नाही,” मी खरं ते सांगितलं.

व्यापारी हौद्याभोवती एक फेरी मारून आला. त्याने पाट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाट्यांकडे पाहिलं. “याला म्हणतात गाडी!” तो म्हणाला. “म्हातारं माणूस आत झोपतं आणि खदानीच्या रस्त्यावर जागं होत नाही. पोतं एक फुटणार नाही माझं. आजच उचलतो.”

आम्ही शोरूमला परतलो तेव्हा ही दारातच उभी होती. तिने मला शोधण्यासाठी शोरूममधल्या सगळ्या ट्रकांचे फाळके पाडायला लावले होते.

“कुठे गेला होतात?”

“सिमेंटच्या गोदामात.”

“का?”

“नेलं.”

विक्रेता आनंदाने पळत आला. सिमेंटवाल्यांनी हिरवा ट्रक घेतला होता. त्या मॉडेलचा दुसरा यायला आता दोन-तीन महिने. त्याने माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. “साहेब, आठवड्यातून एकदा येत जा. नुसतं झोपायचं.”

माझा एवढा अपमान छापखान्यात मालकांनीही केला नव्हता, आणि त्यांना तर त्याचा पगार द्यावा लागे. पण माझ्या आधी हीच भडकली. “झोप कोणाची?” ती विक्रेत्याला म्हणाली.

“अं?”

“झोप तुमच्या पाट्यांची नाही. झोप आमच्या गादीची. ट्रक आमच्या गादीने विकला तुम्ही! आणि आम्हाला सांगता दोन-तीन महिने?” असं म्हणत ती आत मॅनेजरकडे गेली. मॅनेजर एव्हाना फाटकी गादी काढून नुसत्या खुर्चीवर बसले होते, कारण तिने तसा आदेश दिला होता. आतलं संभाषण मला ऐकू आलं नाही. मी बाहेर फिरत होतो. फिरत म्हणजे, लोकांची नजर चुकवत. असा चुकवत चुकवत मी शोरूमच्या मागच्या अंगणात पोचलो.

तिथे भिंतीला टेकून एक ट्रक उभा होता. खरं तर ट्रक कमी आणि कपाट जास्त. लांबलचक, उंच, चारी बाजूंनी बंद, मागे दोन दारं. तोंड मात्र लहान, जणू दुसऱ्याच कोणाचं. त्याच्यावर धूळ होती आणि छपरावर चिमण्यांचं घरटं. मागून विक्रेता आला.

“तो नका बघू साहेब. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या नेणाऱ्या एका पार्टीने बनवून घेतला आणि धंदाच बंद केला. भार फार घेत नाही. कोणी बघत नाही त्याच्याकडे.”

मी दार उघडलं. आत अंधार होता, आणि कसलाही वास नव्हता. कोऱ्या लोखंडाचा असेल तेवढाच. आणि त्या क्षणी मला एक गोष्ट लक्षात आली, जी इतके दिवस माझ्यासकट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सगळी माणसं मला टन सांगत होती. माहितीपत्रकं टन सांगत होती, मेव्हणा टन सांगत होता. आणि आमचा माल म्हणजे जास्त करून नुसती हवा. गादी उचलताना माणसाचा जीव जातो, पण ट्रकला ती कळतही नाही. आम्हाला ताकद नको होती. जागा हवी होती.

“गादी आणा,” मी म्हणालो.

विक्रेत्याने एवढं केलं की आधी ट्रकची चावी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी हात वर करून धरली. मी आत झोपलो. या वेळी डोळे उघडे ठेवून. डावीकडे गादी, उजवीकडे गादी, वर छपरापर्यंत गाद्या, असं सगळं नजरेनेच रचून बघितलं. ही येऊन दारात उभी राहिली. मेव्हणा तिच्या मागून डोकावला. “ताई, हा ट्रक नाही, डबा आहे! माझं ऐक, लोक हसतील.”

ही त्याच्याकडे बघत नव्हती. “अहो, काय म्हणते पाठ?”

मी साधारणपणे ‘बरा आहे, पण’ असं म्हणतो. ‘पण’च्या पुढे काय आहे हे मला स्वतःलाही माहीत नसतं, नुसती सवय. त्या अंधारात आडवा पडून मी म्हणालो, “हाच.”

पुढे काही आलं नाही. हीसुद्धा थोडा वेळ वाट बघत थांबली होती.

एवढ्यावर पत्र टाकता आलं असतं. पण कच्चा माणूस पक्का होताना फार चिकित्सक होतो. ट्रक पासिंग होऊन आपल्या नावावर झाल्याशिवाय ‘स्वतःचे’ हा शब्द मी लिहिणार नव्हतो. महिना संपत आला होता. वाहन कार्यालयात निरीक्षक साहेबांनी आमचा अर्ज वाचला. ते अतिशय सभ्य आणि मृदू बोलणारे गृहस्थ होते. अशांपासून सुटका होत नाही.

“मालाचा प्रकार, गृहोपयोगी वस्तू. छान. मग भरून आणा. बंद बॉडी वेगळी बनवलेली आहे ना, निदान अर्ध्या भारासह तपासणी करावी लागते. समोरच वजनकाटा आहे.”

आम्ही भरून आणला. कारखान्यातल्या सगळ्या गाद्या, घरातल्या सगळ्या गाद्या. दारं खांद्याने लोटून लावावी लागली. काट्यावर उभा केला. निरीक्षकांनी काट्याकडे पाहून मान हलवली.

“अर्धा भार होत नाही.”

“साहेब, आत मुंगी शिरायला जागा नाही,” ही म्हणाली.

“ते खरं. पण काट्याला जागा कळत नाही. वजन कळतं.”

“मग दगड घालू.”

“दगड गृहोपयोगी नाहीत, ताई. अर्जात तुम्हीच लिहिलंय.”

निम्म्या गाद्या उतरवल्या. त्यांच्या जागी जड पण गृहोपयोगी असं काय घालायचं, याची चर्चा कार्यालयाच्या पायरीवर सुरू झाली. मेव्हणा म्हणाला, पिंजायचं यंत्र. निरीक्षक खिडकीतून म्हणाले, यंत्र औद्योगिक. ही माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग मला तिचा विचार कळला.

“पुस्तकं?” मी म्हणालो.

“घरातच असतात ना? मग गृहोपयोगी.”

उपयोगी हा शब्द माझ्या पुस्तकांबद्दल या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. त्या आनंदात मी होकार देऊन बसलो. दुपारभर दोघी शिवणाऱ्या बायका गठ्ठ्यागठ्ठ्याने पुस्तकं गाद्यांच्या मधे लावत होत्या. शब्दकोशाचे खंड, कायद्याची जाडजूड पुस्तकं जी मी नुसती तपासली होती, कधी न वाचलेला एक विश्वकोश. विमा एजंट मदतीला म्हणून आले आणि उभं राहून सूचना देत राहिले.

काटा हलला. चांगलाच हलला. माझ्या वाचनाला वजन आहे, हे सरकारी काट्यावर सिद्ध झालं. पण निरीक्षक मृदूपणे म्हणाले, “अजून थोडं.”

“माणसं चालतील?” हिने विचारलं.

“माणसं नाही. माल चढवणारे हमाल चालतात.”

हिने मागे वळून पाहिलं. मेव्हणा आणि विमा एजंट दोघंही एकदम कार्यालयाच्या दाराकडे सरकले, पण ती मधे उभी होती. एजंट म्हणाले, “मी हमाल?” निरीक्षकांनी शांतपणे रकान्यात लिहिलं, ‘हमाल, दोन.’ दोघं एकमेकांना ढकलत वर चढले आणि विश्वकोशावर बसले. महिनाभर जिन्यात, दिवाणखान्यात, टायरपाशी जे सल्ले दिले, त्यांचं वजन मी कधी धरलं नव्हतं. ते त्या दिवशी धरावं लागलं. काटा जागेवरून सरकला आणि खुणेच्या अगदी अलीकडे थांबला. थरथरत.

“अजून किंचित,” निरीक्षक म्हणाले.

शिवणाऱ्या बायकांना एकदम आपापलं राहिलेलं शिवणकाम आठवलं. मी जमिनीकडे बघत होतो. अशा प्रसंगी मी जमिनीकडेच बघतो. तेव्हा ही म्हणाली, “तुम्ही चढा.”

“हे कोण?” निरीक्षकांनी पेन उचललं. “हेही हमाल?”

ही म्हणाली, “नाही. हे गाद्यांबरोबर असतात.”

“म्हणजे मालात?”

“मालात.”

मी चढलो. बसायला जागा नव्हती, म्हणून वरच्या गादीवर आडवा झालो. डोक्याजवळ मेव्हण्याचे पाय होते, कानाशी एजंट कुजबुजत होते की काटा तुटला तर त्याचा विमा कोणाचा. मी श्वास रोखून धरला, मग रोखल्याने वजन कमी होईल असं वाटून सोडला. बाहेरून निरीक्षकांचा आवाज आला. “झालं. ताई, इथे सही करा.”

मेव्हण्याकडे ट्रक चालवायचा परवाना होता, हे त्याच दिवशी समजलं. इतक्या वर्षांत त्याने सांगितलेली ही एकच गोष्ट खरी निघाली. त्यामुळे परत येताना तो खुशीत गात होता. ही मधे बसली होती, मी दाराशी. पोस्टाच्या चौकात मी म्हणालो, “थांब जरा.” खिशात कागद होता, पाकीट होतं. ट्रक उभा असताना, मांडीवर विश्वकोशाचा एक खंड ठेवून, मी लिहिलं, ‘आपल्या पत्राचे उत्तर उशिरा देत आहे, क्षमस्व. होय, आमच्याकडे स्वतःचे वाहन आहे. त्याला कसलाही वास नाही.’ हिने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. पाकीट तिने माझ्या हातातून घेतलं, तिकीट जिभेला लावून चिकटवलं आणि परत दिलं.

केबिनमधून पोस्टाची पेटी फार खाली दिसत होती. उतरताना पाय घसरला, पण मी पडलो नाही. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून मी एकदा पत्ता वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि सोडलं. आत पडल्याचा हलका आवाज आला.

“अगं,” मी वर बघून विचारलं, “तिकीट लावलं होतं ना?”

“लावलंय,” ही म्हणाली. “या वर.”